नूरचा सौर मनोरा बघायला जाताय? मग हे वाचून निघा

सगळ्यात आधी महत्त्वाचं: परवानगी हातात नसेल, तर मोरोक्कोतल्या वारझाझात शहराजवळच्या 'नूर' या सौरऊर्जा प्रकल्पाच्या फाटकाकडे फिरकू नका. वारझाझातच्या टॅक्सी स्टँडवर "थेट आत नेतो, गाइडही मिळेल" म्हणणारे भेटतात. आमच्याकडून त्यातल्या एकाने ५०० दिरहम आगाऊ घेतले आणि स्कूरा गावाकडे जाणाऱ्या एन-१० महामार्गावर, एका कच्च्या फाट्यापाशी उतरवलं. गाडी पुढे सोडत नाहीत, अर्ध्या तासाची चाल आहे, म्हणाला.

अर्धा तास? साफ खोटं! मनोरा २५० मीटरच्या आसपास उंच आहे आणि भोवती झाड नाही, घर नाही, नजरेला माप म्हणून धरावं असं काहीच नाही. त्यामुळे तो कायम 'हा काय, आलाच' असा दिसतो. तासभर चाललो तरी तेवढाच! पायाखाली मुठीएवढे काळपट, सुटे दगड. घोटा दर चौथ्या पावलाला मुरगळायला बघतो. मधेमधे कोरडे ओढे आडवे येतात, त्यांच्या कडा पाय ठेवला की ढासळतात. खाली उतरलं की वारा बंद आणि धग दुप्पट. वारझाझात समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून उंच असल्याने वारा सुखद वाटतो आणि ऊन किती लागतंय ते कळत नाही. आमचं पाणी जाण्यातच संपलं. शेवटी आलं काय, तर कुंपण. रक्षकाने अदबीने परत पाठवलं; त्याचं काहीच चुकलं नाही. हा पट्टा चालण्यासारखा नाही, ट्रेकची कितीही सवय असो.

आत जायचंच असेल तर मासेन या मोरोक्कोच्या अक्षय ऊर्जा संस्थेकडे बरंच आधी लेखी विचारा. ड्रोन घरीच ठेवा. मोरोक्कोत विनापरवाना ड्रोन आणता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात.

आता मनोऱ्याबद्दल. एवढी पायपीट होऊनही सांगतो, असं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. टोकाजवळचा पट्टा वेल्डिंगच्या ज्योतीसारखा पांढराशुभ्र पेटलेला असतो. तिथे आग नाही, इंधन नाही. खाली पसरलेल्या ७,४०० आरशांनी एकाच जागी फेकलेलं ऊन आहे ते. हवेत धूळ असली की टोकाच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाचे झोत चक्क दिसतात. त्या पट्ट्यातल्या नळ्यांमधून वितळलेलं मीठ वाहतं, सोडियम आणि पोटॅशियम नायट्रेटचं. ते २९० अंशांना वर चढतं, ५६५ अंशांना खाली येतं आणि टाकीत साठतं. सूर्य मावळल्यावरही सात-साडेसात तास त्या उष्णतेवर वाफ करून टर्बाइन फिरवता येतं. मिठाचं तापमान साधारण २४० अंशांखाली गेलं की ते गोठू लागतं, म्हणून रात्री नळ्या रिकाम्या करतात. नूरच्या पहिल्या दोन टप्प्यांत पन्हळीसारखे वाकवलेले आरसे आहेत. १५० मेगावॉटचा मनोरा तिसऱ्या टप्प्यातला.

आणि हे सगळं महामार्गावरून फुकट दिसतं! प्रकल्प रस्त्याच्या उत्तरेला आहे, म्हणजे ऊन तुमच्या पाठीशी आणि मनोऱ्यामागे अ‍ॅटलसचे डोंगर. आरसे मात्र रस्त्यावरून धड दिसत नाहीत, त्यासाठी आतच जावं लागतं. मनोरा पेटलेला असेलच याचीही खात्री धरू नका. ढग आले, वारा सुटला की आरसे फिरवून ठेवतात. २०२४ मध्ये गरम मिठाच्या टाकीला गळती लागली तेव्हा हा टप्पा कित्येक महिने बंद होता. पट्टा काळा दिसला तर तिथे ताटकळू नका, पुढे चला.

जायचं कसं? वारझाझातहून स्कूराची ग्रँड टॅक्सी धरा. यात सीटप्रमाणे भाडं असतं आणि सहा जण भरले की गाडी सुटते. बसण्याआधी "प्लासा" म्हणजे एक सीट असं स्पष्ट बोला, नाहीतर परदेशी चेहरा बघून अख्ख्या गाडीचे पैसे सांगतात. शेजारी बसलेले स्थानिक किती देतात ते बघा आणि तेवढेच द्या. जाताना डावीकडची खिडकी पकडा. थांबून फोटो काढायचे असतील तर पूर्ण गाडी ठरवा, पण थांबण्याच्या वेळेसकट एकच रक्कम आणि ती परत आल्यावर. आगाऊ एक दिरहमही नाही.

माराकेशहून येणारा तिझी न'तिश्काचा घाट (२,२६० मीटर) वळणावळणाचा आहे, गाडी लागत असेल तर गोळी घ्या. आइत बेनहद्दू हे मातीच्या घरांचं जुनं तटबंदी गाव, स्कूराची खजुराची बनं वगैरे छान, आरामात होतात. पाणी मात्र वारझाझातमध्येच भरून घ्या, प्रत्येकी तीन लिटर, गाडीतून उतरणार नसलात तरी.