निळा काही कागदावर उतरेना

पुढच्या महिन्यात काळा घोड्याजवळच्या एका छोट्या गॅलरीत माझं प्रदर्शन आहे, सगळी डिजिटल चित्रं, विषय ससून डॉक. हा धक्का १८७५ सालचा. पहाटे पाचला तिथे लिलावाची आरडाओरड, बर्फ फोडायचा आवाज, पापलेट-कोळंबीचे ढीग आणि या सगळ्यावर हॅलोजनचा पिवळा उजेड, आणि मागे अजून न उजाडलेलं निळं आभाळ. मला खरं तर तो निळाच रंगवायचा होता, बाकी माणसं-मासे त्याच्या निमित्ताने आले असं म्हणा हवं तर.

शनिवारी टेस्ट प्रिंट काढायला गेले. प्रिंटवाले काका पूर्वी ऑफसेटमध्ये होते, भिंग लावून ठिपके बघत बघत केस पांढरे झालेला माणूस, जास्त बोलत नाहीत. मी ३६ बाय २४ इंचाला ३०० डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके) म्हणजे १०८०० बाय ७२०० पिक्सेलचा कॅनव्हास घेते, एवढ्या साइजला आयपॅड मोजकेच लेयर, म्हणजे चित्राचे थर, देतो त्यामुळे ते मर्ज करत करत काम करावं लागतं, तर ती सगळी कौतुकाची फाइल मी मोठ्या ऐटीत उघडून दिली. काकांनी त्यांच्या कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर कुठला रंग कसा उमटेल ते सांगणारी फाइल) लावलं आणि फोटोशॉपमधली गॅमट वॉर्निंग ऑन केली. अख्खं आभाळ राखाडी. म्हणजे जिथे जिथे राखाडी दिसतंय तो रंग या शाईत-कागदात निघणारच नाही. हॅलोजन ठीक, मासे ठीक, कोळणीच्या साडीचा हिरवा पण बराचसा ठीक, फक्त मला जे हवं तेच नेमकं गायब!

"ताई, हा निळा मशीनमध्ये नाहीच," काका म्हणाले, वर चष्मा पुसत बसले.

थिअरी मला माहीत होती हो, स्क्रीन स्वतःच उजेड फेकते आणि कागद बिचारा त्याच्यावर पडलेलाच उजेड परत देतो, पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या आभाळाचं वांगं झालेलं बघणं वेगळं. कारण प्रिंट आली ती चक्क जांभळट. भडक निळा प्रिंटमध्ये जांभळ्याकडे सरकतो हे काकांनी आधीच सांगितलं होतं, तरी म्हटलं एकदा काढूच. मग त्यात सायन (आकाशी शाई) वाढवून मॅजेंटा (गुलाबी शाई) कमी केला तर जांभळेपणा गेला, पण आभाळ शाळेच्या भिंतीसारखं मेलं. ३०८ जीएसएमचा जाड कॉटन कागद, हात लावावासा वाटेल असा सुंदर, पण मॅट, त्यात काळा सुद्धा पूर्ण काळा होत नाही. मग चमक असलेल्या बरायटा कागदावर काढलं तर रंग बराच उघडला, मी खूश, तोवर काकांनी वर स्पॉटलाइट लावला आणि चित्राऐवजी दिवाच दिसायला लागला.

इथून पुढचं मात्र मी शिकले ते काकांकडून, कुठल्याही ट्युटोरियलमधून नाही. ते म्हणाले निळ्याला हात लावू नका, पिवळा मळवा. म्हणजे हॅलोजनचा उजेड थोडा उतरवायचा, तपकिरीकडे न्यायचा, ओल्या फरशीवरची चमक कमी करायची, की तोच निळा शेजारी बसून उजळ वाटतो. डोळ्याला फसवायचं. मी तिथेच आयपॅडची पेन्सिल काढून बसले, एकेक भाग मास्क करत, म्हणजे बाकीचं झाकून तेवढाच बदलत. दुपार गेली, जेवण राहिलं, मधे दोन लग्नाचे अल्बमवाले येऊन गेले. छापलेली प्रत्येक नवी टेस्ट पट्टी काका आधी ट्यूबलाइटखाली बघायचे, मग गॅलरीत असतो तसल्या पिवळट दिव्याखाली, मग थेट बाहेर फुटपाथवर नेऊन, आणि दर वेळी निळा वेगळाच. शेवटी ठरलं की गॅलरीच्या दिव्याखाली जो बरा दिसेल तोच फायनल, बाकी विसरायचं.

(परवाच एका काकूंनी विचारलं, कंप्युटरवर केलंय म्हणजे बटण दाबलं की झालं ना? त्यांना एकदा शनिवारी घेऊन जाते.)

संध्याकाळपर्यंत बाकी चित्रं मार्गी लागली. आवृत्ती दहाची, म्हणजे प्रत्येक चित्राच्या दहाच प्रती, त्याहून एकही जास्त नाही, हे पण काकांसमोरच ठरवून टाकलं. प्रिंट लगेच फ्रेमला द्यायला त्यांनी साफ नकार दिला, शाई नीट सुकली नाही तर काचेला आतून धुरकट थर येतो म्हणे. पण सगळ्यात मोठं चित्र, ज्यात पाऊणभर आभाळच आहे, ते काही केल्या जमेना. तिथे मळवायला पिवळाच नाही! काकांनी पट्ट्या एकावर एक रचल्या आणि म्हणाले, "हे छापू नका. टीव्हीवर लावा."

पहिल्यांदा राग आला, भिंतीवर नऊ फ्रेम आणि मधे एक टीव्ही, शोरूम वाटेल. घरी येऊन खोलीत अंधार करून ते चित्र पुन्हा बघितलं आणि त्यांचं पटलं. भाड्याने टीव्ही मिळतोय, ब्राइटनेस किती ठेवायचा ते काका येऊन लावून देणारेत. आता फक्त गॅलरीत फोन करून विचारायचंय की त्या भिंतीला प्लग पॉइंट आहे का.