फ्रीडलांड, महिना सातवा: अकरा चिलखतं खरवडली

माझ्या तैलचित्रातली अकराच्या अकरा चिलखतं खरवडून काढली. मागच्या नोंदीत ज्यांचं कौतुक मी स्वतःच केलं होतं, तीच. रंग वाळल्यावर सकाळच्या उजेडात पाहिलं, तर फ्रेंच चित्रकार मेसोनिएचे क्युरासिए, म्हणजे चिलखतधारी घोडेस्वार, छातीला अ‍ॅल्युमिनियमची पातेली बांधून नेपोलियनला सलामी द्यायला निघालेले!

नव्यांसाठी थोडक्यात: मेसोनिएचं ‘१८०७, फ्रीडलांड’ हे चित्र, मूळ १३५.९ × २४२.६ सेंमी, माझी नक्कल चौथाई, म्हणजे ३४ × ६०.६. समोर न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाचं फुकट मिळणारं स्कॅन. आभाळ, टेकाडावरचा पांढरा घोडा आणि टोपी उंचावलेला बादशहा झालेत. त्यांना आता हात लावणार नाही.

घोळ असा झाला की मी पडद्यावरची चकाकी गाठायला बघत होतो. पडदा आतून उजळतो, टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग नाही उजळत. म्हणून पांढरा वाढवत गेलो, आणि जितका वाढवला तितकं पोलाद मेलं. मेसोनिएच्याच क्युरासिएंवर चित्रकार एदुआर माने याने मारलेला टोमणा सांगतात ना, की यात सगळं पोलादी आहे, फक्त चिलखतं सोडून. तो मूळ चित्राला लागू असो-नसो, माझ्या नकलेला तंतोतंत लागला.

सुटका घटस्थापनेने केली. घटाला हात लावायचा नाही अशी आईची तंबी, म्हणून त्याच गव्हातला मूठभर एका ट्रेमध्ये पेरून बाल्कनीत ठेवला होता (घरातला घट पिवळट उगवतो, मला हिरवा हवा होता). सहाव्या दिवशी वीतभर पात्यांमागे स्टीलची वाटी उपडी धरली आणि डोळे किलकिले केले. कडेला जवळजवळ काळी रेघ. वर आभाळाची चिंचोळी पट्टी, खाली वाकलेली हिरवी पाती, मधे माझ्याच शर्टाचा निळा डाग. शुद्ध पांढरं किती? तिळाएवढं. बाकी सगळी वाटी मला वाटायची त्याच्यापेक्षा कितीतरी गडद.

म्हणजे क्रमच चुकला होता. गहू शेवटी करायचं ठरवलेलं. आता आधी गहू, मग त्याचाच हिरवा चिलखताच्या खालच्या अंगाला. सॅप ग्रीन हा हिरवा ट्यूबमधून थेट लावणाऱ्यांशी माझं भांडण कायम आहे, तो प्लास्टिकच्या तोरणासारखा दिसतो. त्यात बर्न्ट अंबर हा तपकिरी घाला. वर अंबर लवकर वाळतो, आपल्या दमट हवेत तेवढंच पुण्य. पोलादाचा गडद राखाडी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबरचा, काळी ट्यूब अजिबात नाही. आणि ऑनलाइन मागवलेले ते ‘सेबल’ (अस्सल केसांचे) म्हणवणारे तीन शून्यांचे, म्हणजे अगदी बारीक ब्रश: दुसऱ्याच दिवशी टोक फाटलं. साधा दोन नंबरचा सिंथेटिक त्यापेक्षा शहाणा.

काल रात्री एकच चिलखत केलं, सर्वांत पुढचं, अंगठ्याच्या पेराएवढं. शेवटचा पांढरा ठिपका टेकवला आणि ते वाजलं. खरंच, टण्‌कन.

पुढे घोड्यांचे पाय. धावता घोडा नीट दिसावा म्हणून मेसोनिएने पॅरिसजवळच्या प्वासीतल्या आपल्या घराच्या आवारात रूळ टाकून घेतले आणि गाडीत बसून त्याच्या बरोबरीने गेला. गव्हाचं शेत विकत घेऊन तुडवून घेतलं असंही सांगतात. चित्राला साधारण चौदा वर्षं लागली. माझ्याकडे एक ट्रे आहे. पण मेसोनिए मेणाचे घोडे घडवायचा, हे आत्ता लिहिता लिहिता आठवलं, आणि गणपतीची शाडू अजून पिशवीत आहे. मग उरलेली दहा चिलखतं थांबू देत. आधी वीतभराचा एक घोडा करतो, दिव्याखाली ठेवून पोटाखालची सावली बघतो.

वाटी मात्र आजच द्यावी लागेल. नैवेद्याची निघाली.