आधी झोप, मग तो अपघात

अपघातानंतर वहिनी जळगावात ज्या थेरपिस्टकडे जातात त्यांचं एक मला फार पटलं, अपघाताबद्दल त्यांनी लगेच खोदून विचारलंच नाही. आधी झोप लागते का, जेवण जातं का, धडधडायला लागलं की श्वास हळू कसा सोडायचा, पाय जमिनीवर टेकवून समोर दिसतंय ते एकेक मनात कसं म्हणायचं, बरेच दिवस हेच. मग दादासोबत आधी लांबून हायवे बघायचा, नंतर रिक्षात बसायचं, हळूहळू. उदासीसाठी रोज एक छोटं काम, मूड नसला तरी कळण्याची एक भाकरी थापायची, बस. 'मन रमव' म्हणून काही होत नाही हो! आणि 'बाहेरचं' म्हणून माणसाला फिरवत बसू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास, मराठीतही बोलतात.