तुम्ही विचारलंत म्हणून: कासवाच्या डोळ्यात कुठले ड्रॉप्स घालू?

थंडी पडली की पुण्यातल्या कुणाचा तरी फोटो येतोच. लाल कानपट्टीचं कासव, डोळे मिटलेले, पापण्या टम्म फुगलेल्या. खाली ठरलेला प्रश्न, "ताई, ड्रॉप्स कुठले घालू?"

मी आधी विचारते, खायला काय घालता? बहुतेकांचं उत्तर असतं, डबीतली वाळवलेली कोळंबी. खरी गोम तिथे आहे. नुसत्या कोळंबीवर कासवाला अ जीवनसत्त्व पुरत नाही. मग डोळ्याच्या ग्रंथींचं अस्तर जाड होतं, त्या तुंबतात, पापणी सुजते. दिसत नाही म्हणून ते खात नाही, आणि खात नाही म्हणून आजार वाढतो. हे ड्रॉप्सनी कसं सुटणार? चांगले पेलेट (कासवाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणि मंडईतला साधा लाल भोपळा, गाजर किसून द्या. टाकीतलं पाणी घाण असेल तर तेही बदला. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळतं, पण डोस जास्त झाला तर कातडी सोलून निघते, म्हणून ते डॉक्टरांवरच सोडा.

डोळ्यामागे, कानाच्या जागी टेंगूळ आलं असेल तर बहुधा तो गळू. कासवाचा पू वाहत नाही, पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट असतो. नुसत्या औषधाने तो जात नाही, भूल देऊन, चीर पाडून काढावा लागतो. शेकत बसू नका.

पाय आणि मान सुजलेली दिसली की मात्र माझ्या पोटात गोळा येतो. मूत्रपिंड, यकृत, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मादी असेल तर अडकलेली अंडी, काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि थंडीचं म्हणाल, तर जानेवारीत पुण्यातला पारा रात्री १० अंशांच्या आसपास उतरतो. गार पाण्यात कासवाची प्रतिकारशक्ती मंदावते. हीटर लावून पाणी २५ ते २८ अंशांवर ठेवा. कोरडं बसायला जागा हवी, वर उबेचा आणि यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, दिवा हवा. बाल्कनीच्या बंद काचेतून येणारं ऊन पुरत नाही, लागणारे किरण काच अडवते.

कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना कासवाची सवय नसते, तेव्हा आधी फोन करून विचारा. नेताना पाणी भरू नका, भोकं पाडलेल्या डब्यात ओलसर फडका पुरे. खाण्याची डबीही सोबत घ्या. आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.