मशिनचं बिऱ्हाड

मशिन आलं ते एका खोक्यातून. ठाण्यातल्या सावरकरनगरच्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत मी ते एकटीने उचलून आणलं. बाबा दारातच उभे होते. "जे तुला एकटीला उचलता येतं, ते धातू काय कापणार?"

बाबा वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर होते, म्हणजे लेथवर धातू कापायचे. १९६२ साली एमआयडीसी सुरू झाली, तिची ही पहिली वसाहत. तिथे मशिन म्हणजे क्रेनने उतरवायची आणि नारळ फोडून चालू करायची वस्तू. माझं हे हौशी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारं, कापायचं-कोरायचं मशिन, ३०१८ नावाचं. ३०० बाय १८० मिलिमीटरमध्ये त्याचं सगळं जग, म्हणजे ए-फोर कागदाहूनही अरुंद. बाबांनी त्याचा स्क्रू बोटांनी फिरवून पाहिला, उलटा फिरवून पाहिला, आणि म्हणाले, "प्ले आहे." म्हणजे स्क्रू ढिला आहे. मग पेपर वाचायला गेले.

जोडणी दोन संध्याकाळींत झाली. मला वाटलं, झालं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो प्रकार इथून पुढे सुरू झाला. मनाच्या समाधानासाठी सांगते, हा खेळ जुनाच आहे. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशिन दाखवलं गेलं, तेव्हा भोकं पाडलेल्या पट्टीवरून हुकूम वाचणारं, निर्वात नळ्यांनी भरलेलं त्याचं कपाट खुद्द मशिनपेक्षा जास्त जागा अडवत होतं. माझं कपाट निदान तळहाताएवढ्या सर्किट बोर्डावर मावतं. बाकीचं बिऱ्हाड मात्र हॉलभर.

पहिली फेरी कटरसाठी, मुंबईतल्या हत्यारांच्या बाजाराची, नागदेवी स्ट्रीटची. सीएसएमटीला उतरून हातगाड्या चुकवत चालत जायचं. दुकानदाराने आधी माझ्या खांद्यामागे पाहिलं, सोबत कोणी आहे का ते. मग "कोणासाठी?" "माझ्यासाठी." मग तो कामाचं बोलला: शँक (कटरचा दांडा) किती, धारा किती, मटेरियल काय. शँक मला पाठ होता, ३.१७५ मिलिमीटर. असला वाकडा आकडा कुणी का ठरवावा हे कोडं घरी आल्यावर सुटलं. बाबांनी एंडमिल, म्हणजे तो कटर, चिमटीत धरून नुसतं बघितलं आणि म्हणाले, "एक सूत." इंचाचा आठवा भाग! सुतारकाका दारं-खिडक्या मापतात तेच सूत. तीन दशांश स्थळं घेऊन मी फिरत होते आणि गोष्ट आमच्या घरातलीच निघाली.

त्या दिवसापासून बाबांचा पेपर जरा लवकर संपायला लागला.

मशिन टेबलावर थरथरायचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी "मिक्सर बिघडलाय का गं?" असं दोनदा विचारलं. उपाय गच्चीवर सापडला. स्वयंपाकघराचा ओटा बदलला तेव्हाचा कडाप्पा तिथे पडून होता. तो खाली आणला (या वेळी दोघांनी), त्याखाली रबरी चटई घातली आणि मशिन वर बसवलं. जड दगड हलायला तयार नसतो, त्यामुळे थरथर त्याच्यातच जिरते. तीस वर्षं आईच्या भाकऱ्यांना पाठिंबा दिलेला दगड आता माझ्या कामाला आला. आईला हे फारसं रुचलेलं नाही.

तिची बाजूही सांगायला हवी. बाबा नोकरीत असताना त्यांच्या मोज्यांतून, खिशांतून, अगदी पायाच्या भेगांतून लोखंडाची बुरी, म्हणजे बारीक कीस, घरात यायची. ती तिने तीस-एक वर्षं झाडली. बाबा निवृत्त झाले तेव्हा सत्कारात सगळ्यात खूश तीच होती. आणि आता मुलगी एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या दाबून केलेल्या फळीचा, भुसा उडवते. तो भुसा तर पिठासारखा, त्यात चिकटवायची रसायनं मिसळलेली. म्हणून मास्क आला, व्हॅक्युम क्लीनर आला, पुठ्ठ्याचं आणि ॲक्रिलिकचं झाकण आलं. गॉगल तर पहिल्याच दिवशी आला होता, त्यावर घासाघीस नव्हती.

कटर मात्र मी तोडले. दोन, एकाच रविवारी, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर. आणि तोडले ते अति मायेने. मला वाटायचं, हळू चालवलं की जपलं जाईल. हिशेब साधा आहे: मिनिटाचे फेरे, गुणिले धारा, गुणिले प्रत्येक धारेने घ्यायचा घास. दहा हजार फेरे, दोन धारा, घास ०.०२ मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला ४०० मिलिमीटरची चाल. हा लाकडाचा हिशेब. ॲल्युमिनियमला घास त्याहून बारीक, पण घास हवाच. मी चाल इतकी उतरवली की धारेला घासच मिळेना. ती नुसती घासत राहिली, तापली, मऊ ॲल्युमिनियम तिला चिकटलं, खाचा भरल्या आणि कट्ट. बाबा आतून ओरडले, "आवाज ऐक ना! कापत नाहीयेस तू, घासतेयस." त्यांनी पडद्यावरचा एकही आकडा पाहिला नव्हता. त्यांनी रॉकेल लावायला सांगितलं. रॉकेल आता मिळतं कुठे? मग आईच्या शिलाई मशिनच्या तेलावर भागवलं.

पहिलं खरं काम दारावरच्या पाटीचं घेतलं. सागाची फळी दुतर्फा चिकटपट्टीने खाली चिकटवली आणि वी आकाराच्या टोकाने आडनाव कोरायला लावलं. हा कटर जितका खोल जातो तितकी रेघ रुंद होते. अक्षरं सुरेख उतरली. पण शिरोरेखा! डावीकडे जाड, ठसठशीत, आणि उजवीकडे जाता जाता केसाएवढी होत शेवटच्या अक्षरावर गायबच. रोमन अक्षरांत हे कदाचित खपलंही असतं. देवनागरीत लपायला जागा नाही. शिरोरेखा म्हणजे बसवून दिलेली पाणसळच.

बाबा उठले, कपाटाच्या वरच्या फळीवरून एक निळी लाकडी पेटी काढली. आत मऊ कापडात त्यांचा डायल, बारीक उंचसखलपणा मोजायचं काट्याचं यंत्र. कटर फिरवणाऱ्या स्पिंडलला अडकवून त्यांनी टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवलं आणि काटा बघत राहिले. तीस डिव्हिजनचा फरक, म्हणजे ०.३ मिलिमीटर. मग वर एमडीएफचा नवा तुकडा घट्ट बसवून मशिनलाच त्याची वरची कातडी सोलायला लावली. कटर ज्या पातळीत फिरतो तीच पातळी त्या तुकड्याला आली. दुसऱ्या पाटीची शिरोरेखा एका जाडीची आली. डायल परत पेटीत गेला नाही, तो आता माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.

पाटी तयार आहे, पॉलिशही झालंय. स्क्रूची डोकी फळीत बसतील असं काउंटरसिंकचं बिट तेवढं नाही. बाबा म्हणाले, त्यासाठी नागदेवीच. आईने हे ऐकलं आणि पिशवी पुढे केली. "जातेच आहेस तर क्रॉफर्ड मार्केटमधून बदाम आण. आणि येताना नवा झाडू."