तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारी अंथरुणाला खिळला, तर ख्रिस्ती माणसाने नेमकं काय करायचं?

हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. चर्चमधली माणसं विचारतात, "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे लहानपणापासून ऐकतोय. पण बाजूच्या बिऱ्हाडात कुणी पक्षाघाताने पडलंय, तर उद्या सकाळी उठून करायचं काय?" चर्चबाहेरची माणसं विचारतात, "तुमचे लोक डबे घेऊन दुसऱ्यांच्या घरी जातात, त्यामागे काय असतं?" दोघांनाही एकाच ठिकाणाहून उत्तर देता येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायापासून. "माझा शेजारी कोण?" असं एका शास्त्र्याने विचारल्यावर येशूने चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या माणसाची, गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाट साधारण सत्तावीस किलोमीटरची, हजार मीटर खाली जाणारी, ओसाड डोंगरांतली. लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला माणूस तिथे पडलाय. याजक म्हणजे मंदिरातला पुरोहित पाहून गेला, लेवी म्हणजे मंदिराचा सेवक पाहून गेला. शोमरोनी मात्र जवळ गेला, जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, त्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं आणि रात्रभर त्याची काळजी घेतली.

बहुतेक प्रवचनं इथे थांबतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात मळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे, म्हणजे ही दोन दिवसांची कमाई झाली. वर त्याने सांगितलं की याची काळजी घ्या, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन. आणि तो आपल्या कामाला गेला. त्याने जखमीला योग्य हाती सोपवलं, पैशाची सोय केली आणि परत येण्याचा शब्द दिला. आपल्याकडे दया आटते ती नेमकी याच तीन ठिकाणी. पहिल्या दिवशी कळवळा कुणालाही येतो, तिसऱ्या आठवड्याची सोय कुणीच केलेली नसते.

हे फार स्पष्ट ओळखलं ते संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी. १६१७ सालच्या ऑगस्टमध्ये ते फ्रान्समधल्या शातियों गावात धर्मगुरू म्हणून नवे होते. रविवारी मिस्साआधी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेआधी, कुणीतरी सांगितलं की गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी आहेत, पाणी द्यायलाही कुणी नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारी ते स्वतः निघाले, तर रस्त्यात बायकांची रीघ लागलेली; काही जाताहेत, काही परतताहेत. त्या घरात एका दिवशी इतकं अन्न पोचलं की ते नासणार आणि नंतर पुन्हा उपास पडणार, हे त्यांच्या लक्षात आलं. माया भरपूर होती, व्यवस्था नव्हती. मग त्यांनी त्या बायकांच्या पाळ्या लावून दिल्या आणि वर्ष संपायच्या आत त्यांच्यासाठी नियमावली लिहिली.

ती नियमावली आजही वाचण्यासारखी आहे. आजाऱ्याला आधी प्रसन्नपणे नमस्कार करायचा, अंथरुणावर छोटं टेबल ठेवून त्यावर स्वच्छ रुमाल पसरायचा, त्याचे हात धुवायचे, प्रार्थना म्हणायची, सूप वाडग्यात ओतायचं, मांसाचे तुकडे करून द्यायचे, प्रेमाने आग्रह करून भरवायचं. ज्यांच्याजवळ घरचं कुणी आहे त्यांच्याकडे आधी जायचं आणि जे एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटी, म्हणजे तिथे जास्त वेळ बसता येतं. चारशे वर्षांपूर्वीच्या या एका सूचनेत प्रेम किती बारकाईने करायचं असतं ते दिसतं. पुढे १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी याच संताच्या नावाने संस्था काढली. गरिबांच्या घरी जोडीने भेट द्यायची तिची पद्धत मुंबई, वसई, गोव्यातल्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, आजही चालू आहे.

आता तुमच्या इमारतीकडे येऊ. माणूस हॉस्पिटलमधून घरी आला की पहिल्या आठवड्यात दहा घरचे डबे येतात आणि फ्रिजमध्ये जागा उरत नाही. म्हणून पाळ्यांचा कागद दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करा. सात माणसं, प्रत्येकाला आठवड्यातला एक वार, आणि दोन राखीव. आपला वार चुकणार असेल तर राखीव माणसाला आपणच फोन करायचा, आजाऱ्याच्या घरच्यांना त्यात ओढायचं नाही. "काही लागलं तर सांगा" हे वाक्य टाळा. मागायचं ओझं आधीच दमलेल्या माणसावर पडतं आणि तो कधीच सांगत नाही. "मंगळवारी साडेबाराला डबा आणतो आणि औषधं संपली असतील तर येताना घेऊन येतो" असं बोला.

डबा दोघांचा हवा, आजाऱ्याचा आणि त्याचं करणाऱ्याचा. सहा पोळ्या, दोन वाट्या भाजी, दोन वाट्या वरण आणि मऊ भात एवढं पुरतं. आदल्या माणसाचा रिकामा डबा पुढच्याने परत न्यायचा. त्या घरातल्या बाईला सात घरचे डबे घासून, ओळखून, परत पोचवायला लागले तर मदतीचंच ओझं होऊन बसतं.

काय न्यायचं हे आधी विचारा. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं न्यायची आपली रीत, पण मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला तेच धोक्याचं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते शरीराबाहेर जात नाही. डायलिसिसवर असलेल्यांना पाणीसुद्धा मोजून असतं. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर सुकट, सुके बोंबील, लोणचं, पापड यांतलं मीठ नडतं. शेजारी दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याचं पथ्य तेही आपलं पथ्य: जैन घरात कांदा, लसूण, बटाटा नाही, उपासाच्या दिवशी उपासाचंच, आणि मांसाहारी भांड्यांत शिजवलेलं चालतं का हे संकोच न करता विचारायचं.

पक्षाघात झालेल्याला भरवायचं असेल तर गिळायला जमतंय का हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आडवं ठेवून कधीच भरवू नका. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. खोकला आला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला तर थांबा. अन्न श्वासनलिकेकडे जात असण्याची ती खूण आहे. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा.

आता कूस. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर हाडावरची कातडी दबून रक्त पोचत नाही आणि जखम होते. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू, या जागा रोज पाहायच्या. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडली आणि तरी लालच राहिली, तर जखम सुरू झाली असं समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते बघा. अशा जागेला चोळायचं नाही. प्रेमापोटी तेल लावून मालीश केली जाते आणि आतली दुखावलेली कातडी आणखी फाटते. गोल भोकाची रबरी उशीही नको, कारण ती भोवतालचं रक्त अडवते. पोटऱ्यांखाली उशी द्या, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना माणसाला ओढू नका. अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी उचला. दिवसातून दोनदा शेजारच्या दोघांनी येऊन एवढं उचललं, तरी म्हाताऱ्या बायकोच्या पाठीवरचा केवढा भार कमी होतो.

त्या बायकोकडे, सुनेकडे, मुलीकडे बघा. सगळे आजाऱ्याची चौकशी करतात, करणारीची कुणी करत नाही. आठवड्यातून एकदा दोन तास तुम्ही तिथे बसा आणि तिला बाहेर पाठवा. ती बँकेत जाईल, मिस्साला जाईल किंवा शेजारच्या खोलीत नुसती झोपेल. झोपली तर उठवू नका. माझ्या मते, करता येण्यासारख्या सगळ्या गोष्टींत हे पहिल्या क्रमांकाचं काम आहे.

जाताना शक्यतो दोघांनी जा, फोन करून जा, अर्ध्या तासात उठा. बाई आजारी असेल तर अंग पुसणं, कपडे बदलणं बाईनेच करायचं. घरात लहान मूल एकटं असेल तर एकट्या माणसाने आत थांबायचं नाही. फोटो काढायचा नाही, चर्चच्या ग्रुपवर नाव टाकून "प्रार्थना करा" लिहायचं तर त्या घरची परवानगी घ्यायची. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू देऊ नको, हे प्रभूने दानाबद्दलच सांगितलंय.

बोलायचं काय, याचा फार ताण घेऊ नका. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले. ते त्यांचं सर्वांत चांगलं काम होतं. तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले तेव्हा बिघडलं. "देवाची इच्छा", "देव परीक्षा घेतो" ही वाक्यं आजाऱ्याच्या उशाशी नकोत.

आता चर्चबाहेरच्यांचा प्रश्न. प्रार्थना करायची असेल तर विचारून करा आणि नाही म्हटलं तर पुढच्या मंगळवारी डबा त्याच वेळेला, तितकाच गरम पोचला पाहिजे. डब्याबरोबर पत्रक नाही, चर्चला येण्याचं आमंत्रण नाही. आजारी, कर्जात बुडालेला माणूस आपल्याला दुखावू शकत नाही, म्हणून त्याचा होकार मोकळा नसतो. शोमरोन्याने त्या जखमीला त्याचा पंथ विचारला नाही, आपलाही सांगितला नाही, आणि यहूदी व शोमरोनी तर एकमेकांशी संबंध ठेवत नव्हते. डब्याच्या मोबदल्यात काही अपेक्षिलं की तो व्यवहार झाला.

पैशाचं थोडक्यात. उसने देऊ नका. द्यायचे ते परत येणार नाहीत असं मनात धरून द्या आणि तसं त्यांना सांगा. उसन्या पैशांनी जिन्यात भेटणारा शेजारी तोंड चुकवायला लागतो. औषधांचे पैसे केमिस्टकडे थेट भरता येतात. चार जणांनी जमवलेले पैसे असतील तर दोघांनी मोजायचे आणि वहीत लिहायचे. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जातात अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी नीट वाटप करायला सात माणसं नेमली. हिशेब ठेवणं त्या दिवसापासून सेवेचाच भाग आहे.

आणि उतारशाळा. तुमच्या दोन दिनारांनी शस्त्रक्रिया होणार नाही, म्हणून कुणाकडे न्यायचं हे माहीत हवं. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तिथे बिलाच्या खिडकीआधी वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं. सोबत रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भरती होतानाच विचारा, बिल झाल्यावर विचारून उपयोग होत नाही. क्षयरोग असेल तर औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. पुष्कळदा खातं जोडलेलं नसल्याने ते अडकतात. खातं जोडून द्यायला सोबत जाणं ही अर्ध्या दिवसाची सेवा आहे आणि ती सहा महिने पुरते.

कधी कधी माणूस जातो. मग मातीला सगळे येतात, आणि पाळ्यांचा कागद त्याच दिवशी भिंतीवरून उतरतो. तो उतरवू नका, आणखी महिनाभर चालवा, फक्त डबा एकाचा करा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदम घ्या, कारण बँक, विमा, रेशनकार्ड, वीजबिल, सगळीकडे तो लागतो. विधवा निराधार असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. तिथे तिच्याबरोबर कोण जाणार, त्याचं नाव आणि वार त्याच कागदावर लिहून ठेवा.