पुस्तक भिशीत मी मत मांडायला शिकले

डोंबिवलीत 2017 च्या फेब्रुवारीत नव्वदावं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा ग्रंथप्रदर्शनातून पिशव्या भरभरून पुस्तकं घरोघरी गेली. आमच्या इमारतीतही आली. पुढचे काही महिने जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी कुणी भेटलं की मी विचारायचे, "झालं का वाचून?" उत्तर यायचं, "हो, छान आहे." की विषय संपला. नेमकं काय छान, कुठे छान, मध्ये कुठे कंटाळा आला का, हे कुणी सांगत नव्हतं. मला तर तेच ऐकायचं होतं. शाळेपासून वाचतेय, लोकलच्या लेडीज डब्यात उभ्यानं जाडजाड कादंबऱ्या संपवल्या आहेत, पण वाचलेल्यावर मनासारखं बोलायला माणूस मिळत नव्हता.

मार्ग काढला दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. "सोन्याची भिशी चालते, साड्यांची चालते, मग पुस्तकांची का नको?" महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी अशा पुस्तक भिश्या चालतात, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही दहा जण तयार झालो. दरमहा प्रत्येकी 200 रुपये. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने जमलेल्या पैशातून आपल्या आवडीची पुस्तकं घ्यायची, त्यातलं एक सगळ्यांनी वाचायचं आणि पुढच्या महिन्यात त्यावर बोलायचं. पुस्तकं सगळ्यांत फिरवायची आणि कुणाकडे कुठलं आहे ते वहीत लिहायचं. बसायला काकूंचा हॉल, चहा-पोह्यांची पाळी आळीपाळीने. पोह्यांवर फार जोर द्यायचा नाही, हेही लगेच ठरलं. नाहीतर गप्पा पुस्तकाच्या होतच नाहीत.

पहिली चिठ्ठी निघाली निवृत्त शिक्षक असलेल्या काकांची. त्यांनी 'बनगरवाडी' निवडली. व्यंकटेश माडगूळकरांची ही 1955 ची कादंबरी लहानशी आहे. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरगेला मास्तर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. पुस्तक सगळ्यांना आवडलं होतं आणि पंचाईत तिथेच झाली. "साधी सरळ भाषा आहे," "माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात," असं एकेकानं म्हटलं आणि पंधरा मिनिटांत चर्चा आटोपली. मग काकूंचा कॉलेजातला मुलगा म्हणाला, "आवडलं ना सगळ्यांना? मग आवडलेलं पान उघडून दाखवा."

पानं उघडली आणि दहा जणांनी दहा वेगळी पुस्तकं वाचली होती असं दिसलं. काकांनी सुरुवात उघडली. शाळा आहे पण पोरं येत नाहीत, कारण ती मेंढरांमागे जातात. त्यावरून ते त्यांच्या पहिल्या नेमणुकीच्या गावाबद्दल बोलायला लागले. तिथे सुगीत अख्खा वर्ग शेतावर असायचा. काकूंना तालमीचा भाग प्रिय. वाडीनं एकजुटीनं बांधलेली इमारत, आणि तिच्यासाठी मास्तरानं केलेली धडपड. मी शेवट उघडला. दुष्काळ पडतो आणि वाडी एकेक करून रिकामी होत जाते. माडगूळकर तिथे गळा काढत नाहीत. कोण गेलं, कोण राहिलं, तेवढंच सांगतात. माझ्या लेखी त्या पुस्तकाची सगळी ताकद त्या आवरून धरण्यात आहे. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, आणि बोलत असतानाच मला कळत गेलं की वाचताना मी नेहमी हेच शोधत असते. लेखक कुठे थांबतो, ते.

तेव्हापासून पान उघडल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा नियमच झाला. दुसरा नियमही ओघानंच आला. कथानक सांगत बसायचं नाही, कारण सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि ज्यानं वाचलेलं नसतं त्याची गंमत जाते.

खरी कसोटी लागली 'ययाति'ला. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी 1959 सालची. 1960 मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे 1974 चं ज्ञानपीठ. मराठीतलं ते पहिलं ज्ञानपीठ. एवढ्या मानाच्या पुस्तकाबद्दल "मला जमलं नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. त्यात चिठ्ठी निघाली होती तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची. कॉलेजात असताना त्यांनी त्यातले परिच्छेद वहीत उतरवून घेतले होते. ती वहीच ते घेऊन आले. शाई फिकट झालेली, पानांच्या कडा तपकिरी. ती मांडीवर ठेवून बसलेल्या माणसासमोर काय बोलायचं, असं मला झालं.

पण बोलले. माझं म्हणणं असं होतं: या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतःची कहाणी सांगतात, पण तिघांच्याही तोंडी भाषा एकच आहे, खांडेकरांची. तीच उपमांची आरास, तीच सुभाषितं. वरचं नाव झाकलं तर कोण बोलतंय ते ओळखू येत नाही.

आजोबा चिडले नाहीत. म्हणाले, "झाक नाव. वाच कुठलाही उतारा."

मी हाताने मथळा झाकून मधूनच वाचायला घेतलं. आजोबांनी प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं. बाकीच्यांना ओळखता येईना, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. देवयानी जे काही बघते त्यात तिला आपला मान किंवा अपमान दिसतो. शर्मिष्ठेचं लक्ष आधी समोरच्या माणसाकडे जातं. ययातिला सगळ्यात सुख किंवा सुखाची भीती. "भाषा एक असेल, नजर तीन आहेत," ते म्हणाले, आणि शर्मिष्ठा तान्ह्या पूरूला घेऊन हस्तिनापुराबाहेर पडते तो भाग त्यांनी वाचून दाखवला. वहीत न बघता.

माझं मत आजही तेच आहे. अलंकारांनी लगडलेली ती शैली मला जवळची वाटत नाही, आणि मला तिथे लेखक थांबलेला हवा असतो. पण तीन नजरांचा मुद्दा मी मानते. परत वाचताना तो मला पानोपानी दिसला. नुसतं "मला नाही आवडलं" म्हणून घरी आले असते तर एवढं हाती लागलं नसतं. आजोबाही जिन्यात भेटले की अजून विचारतात, "काय, पटली का शर्मिष्ठा?" मी म्हणते, "शर्मिष्ठा पटली, खांडेकर अजून नाही." आणि दोघंही मनापासून हसतो.

त्या बैठकीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. आजोबांनी आधी स्तुती केली असती तर निम्मे लोक गप्प बसले असते. वयाचा मान आपल्याकडे असतोच, असावाही. म्हणून आता आल्या आल्या प्रत्येकानं आपलं मत दोन ओळींत चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, आणि मगच बोलायला सुरुवात. शेवटी चिठ्ठ्या वाचायच्या. बोलण्याच्या भरात कुणाचं मत फिरलं, कुणाचं ठाम राहिलं, ते कळतं. ज्यांना चारचौघांत बोलायला संकोच वाटतो त्यांचंही म्हणणं पोचतं. आमच्यातल्या एक मावशी वर्षभर चिठ्ठीवरच बोलल्या. त्यांच्या दोन ओळी बहुतेक वेळा सगळ्यांत धारदार असायच्या.

उद्धव शेळक्यांच्या 'धग'च्या वेळी तर बहुतेकांनी पुस्तक अर्ध्यात सोडलं होतं. 1960 ची ही कादंबरी वऱ्हाडातल्या कौतिकची. संसार सावरायला ती जिवाचं रान करते, आणि दर वेळी परिस्थिती तिला आणखी खाली ढकलते. सोडलेलं पुस्तक लपवायचं नाही, कुठल्या पानावर सोडलं ते सांगायचं, असं आम्ही एव्हाना ठरवलं होतं. सोडलेली पानं जवळपासचीच निघाली आणि कारणही एकच: संवाद वऱ्हाडीत आहेत, वाचताना अडखळायला होतं, आणि दुःख तर संपतच नाही.

आमच्यातल्या एक वहिनी अकोल्याच्या. इतकी वर्षं डोंबिवलीत राहून त्या आमच्यासारखंच बोलायच्या. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि कौतिकच्या भांडणाचा एक प्रसंग मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आवाज बदलला, हेल बदलला, वाक्याचा शेवट कुठे उचलायचा आणि कुठे सोडायचा ते सगळं आपोआप येत गेलं. खोली आधी शांत झाली, मग हसली. हो, हसली. कौतिकच्या बोलण्यात किती तिखटपणा आहे, टोमण्यांत किती धार आहे, ते आमच्या डोळ्यांना छापील अक्षरांत दिसलंच नव्हतं. ज्या बाईला आम्ही नुसती बिचारी म्हणत होतो ती कुणाला हार जाणारी नव्हती. आणि ती अशी आहे म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागतं. वहिनी वाचता वाचता मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "माझी आजी अशीच बोले." त्यापुढे त्यांना वाचवेना. बाकीचा उतारा काकूंच्या मुलानं वाचला, मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत, पण मनापासून.

पुढच्या महिन्यात सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 'धग' पुरी केली. मीही केली, संवाद ओठांत पुटपुटत. मराठीतल्या थोर कादंबऱ्या कुठल्या असं कुणी विचारलं तर आता मी ती न चुकता सांगते. बोलीतली पुस्तकं कानाने वाचायची असतात, हे मला त्या वहिनींनी शिकवलं.

मधल्या काळात विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' झालं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' झाली. 'स्मृतिचित्रे'वर दोन बैठका लागल्या, कारण प्रत्येकीला त्यातला कुठला ना कुठला प्रसंग वाचून दाखवायचाच होता. काही महिने अगदी कोरडे गेले. परीक्षा, लग्नसराई, पावसात गाड्या बंद. एकदा निवडलेलं पुस्तक कुणालाच धड आवडलं नाही, ती बैठक मात्र रंगली.

अडचण येते प्रतींची. जुनी पुस्तकं दुकानात चटकन मिळत नाहीत आणि दहा प्रती विकत घेणं परवडत नाही. आम्ही तीन-चार प्रती घेतो, बाकीच्या वाचनालयांतून आणतो. एक जण ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद आहेत. 1893 पासूनची ती संस्था. जुनी पुस्तकं हाताळताना एक वेगळाच आनंद असतो. एका वाचनालयाच्या प्रतीत समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलं होतं, "अगदी खरं." आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, "मुळीच नाही." वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हे खरंच, पण ते दोन अनोळखी वाचक मला आमच्याच भिशीतले वाटले. त्या पानावर आम्ही अर्धा तास बोललो आणि आमच्यातही दोन तट पडले.

तुमच्याकडे अशी भिशी सुरू करायची असेल तर पहिलं पुस्तक दीडशे-दोनशे पानांच्या आतलं निवडा, म्हणजे सगळ्यांचं वाचून होतं. ज्या पुस्तकाचा धाक वाटतो ते चौथ्या-पाचव्या महिन्यासाठी ठेवा, तोवर माणसं एकमेकांशी मोकळी झालेली असतात. पुस्तकांची नोंदवही एकाच माणसाकडे असू द्या, नाहीतर प्रती हरवतात. आणि निरनिराळ्या वयाची, निरनिराळ्या भागांतली माणसं आवर्जून घ्या. आमच्याकडे आता कोकणातलं कुणीतरी हवंय, कारण पुढच्या चिठ्ठीला मी श्री. ना. पेंडशांची कोकणात घडणारी 'रथचक्र' सुचवणार आहे.